चौथ्या नावाचा कौल

इंदापूर, रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

आज एका अत्यंत गंभीर विषयाला हात घालतो आहे. विषय : भाकरी. संक्रांतीपासून आमच्या घरात जी भाकरी ताटात पडते ती एका अंगाला कागदासारखी पातळ आणि दुसऱ्या अंगाला घोंगडीइतकी जाड असते. पातळ अंग करपतं, जाड अंग कच्चं राहतं, आणि मधोमध दोन घास तेवढे मनुष्ययोनीसाठी उरतात. लग्न झाल्यापासून म्हाळसेच्या भाकरीत दोष काढायची संधी मला कधी मिळाली नव्हती. नव्या नवलाईत एकदा तिच्या भाकरीला मी पूर्णचंद्राची उपमा दिली होती. त्यावर "चंद्रानं पोट भरत न्हाय, कोरड्यास घ्या" असं म्हणत तिनं ताटात कालवण ओतलं होतं. आता त्या चंद्राला ग्रहण लागलं आहे आणि ते सुटायचं नाव घेत नाही.

शेवटी आज विषय काढलाच. म्हणालो, "अगं, ही भाकरी थापली आहेस की इंदापूर तालुक्याचा नकाशा काढला आहेस? हा उजनीकाठचा बागायती भाग दिसतो, हा सगळा कोरडवाहू."

ती तव्याकडं बघतच म्हणाली, "बागायत तुमी खावा. कोरडवाहू मला ठेवा."

आमची लेक वैष्णवी फिसकन हसली. आई हसली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूनं साय धरली आहे, पण भाकरी ती बोटांनी वाचते. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हाळसे, हात दुखतोय का गं?"

"न्हाय आत्या. पीठ खराब हाय."

म्हणजे दोष ज्वारीचा. प्रकरण निकालात.

ही वही नवी आहे. दिवसभर लोकांच्या बातम्या लिहितो, त्यांच्याखाली नाव येत नाही, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच येतं. इथं मात्र वार्ताहरही मीच आणि संपादकही मीच. काटछाट होणार नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बारामतीच्या कचेरीत आज आनंदीआनंद. आमच्या पेपरच्या मालकांनी नोकरांसाठी आरोग्य विमा काढला आहे. सगळ्यांचा मिळून एक, हप्ता मालकांचा. कचेरीप्रमुख इंद्रजित (वयानं माझ्या निम्मा, पगारानं दुप्पट, स्वभावानं मात्र लाख माणूस) टेबलावर चढायचाच बाकी होता.

"शास्त्रीबुवा, आता आजारी पडा बिनधास्त!"

मला इथं शास्त्रीबुवा म्हणतात. धनगराच्या पोरानं संस्कृतात एम. ए. केलं आणि पोट भरायला तालुक्याच्या बातम्या लिहायला घेतल्या, याची ती शिक्षा. माझे वडील मेंढरामागं घाट उतरले आणि मी पाणिनीमागं. कुरण दोघांनाही पुरेसं सापडलं नाही.

योजना अशी : नोकरदार आणि त्याचे तीन अवलंबित. आईबाप, बायको, मुलं, यांपैकी कुणीही तीन. चौथा चालत नाही. चौथ्याचा हप्ता पदरचा भरतो म्हटलं तरी चालत नाही, विचारून पाहिलं. ज्यांची नावं द्यायची त्यांची एकदा डॉक्टरी तपासणी होणार, तीही फुकट.

अवलंबित म्हणजे ज्यानं दुसऱ्याचा आधार धरला आहे तो. घरी आलो तेव्हा म्हाळसा एका हातानं आईला धरून न्हाणीकडं नेत होती, धाकटा सूरज तिच्या पदराला धरून वहीच्या पुठ्ठ्यासाठी भुणभुणत होता, आणि मी दारातून ओरडलो, "चहा!" या घरात कोण कुणावर अवलंबून आहे ते विमा कंपनीनं स्वतः येऊन ठरवावं.

रविवार, १६ फेब्रुवारी

माणसं चार, जागा तीन. आई, म्हाळसा, वैष्णवी, सूरज. आठवडाभर घरात यावरच संसद भरते आहे.

आई : "माझं नाव कशाला? माझ्या गवऱ्या कवाच मसणात गेल्या."

मी : "तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आहे. त्यासाठी तर विमा."

सूरजचं नाव ठरल्यासारखंच आहे. थंडी पडली की त्याच्या छातीत मांजरं गुरगुरायला लागतात. मग राहिल्या दोघी. शेजारच्या लीलाबाई कढीपत्ता न्यायला आल्या होत्या, त्यांनी निवाडा केला, "पोरीचं नाव घालून काय फायदा? उद्या दुसऱ्याच्या घरी जायची ती."

म्हाळसा सहसा आवाज चढवत नाही. आज चढवला. "पोरीचं नाव काढायचं न्हाय. सगळ्यांच्या आधी तिचं घाला. माझ्या आईच्या वळणाची हाय ती."

हे मला समजलं नाही. माझी सासू बनाबाई, म्हणजे नात्यानं माझी मामीही, दिसायला काळीसावळी, उंच, बोलायला फटकळ. वैष्णवी तशी आहे खरी. पण त्याचा विम्याशी काय संबंध? बनाबाई म्हाळसेच्या लग्नानंतर लगेच वारली. कशानं, ते पुरुषांना कुणी सांगितलं नाही. पोटात दुखतंय म्हणायचे.

मी म्हटलं, "मग तू?"

"मला काय धाड भरलीया? कधी मला दवाखान्यात बघितलंय?"

नाही बघितलं. दोन्ही बाळंतपणंही घरीच झाली. तरी मी म्हटलं, "तुझी वेगळी पॉलिसी काढू. माझ्या पगारातून."

"त्यात बी डॉक्टर तपासतोय?"

"व्हय."

"बायांना बी सगळं तपासत्यात?"

"बाई डॉक्टर असते अगं."

"ऱ्हाऊ द्या मग. हाय त्यात भागवा."

लाजते. एवढी मुलगी दहावीला आली तरी लाजते. मला जरा गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

आई मात्र ऐकेना. सून वगळून आपलं नाव घातलं तर गाव तोंडात शेण घालेल म्हणते. शेवटी तिनंच तोडगा काढला : बिरदेवाला कौल लावायचा. देव ज्याला वगळेल ते नाव वगळायचं. तर्कशास्त्र शिकलेल्या मुलानं यावर काय बोलावं? आमच्याकडं बैल घ्यायचा तरी कौल लावतात. विमा कंपनीच्या नियमांपेक्षा देवाचे नियम निदान मराठीत असतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

लोणी भापकरच्या माळावर आमच्या कुळीचा बिरदेव आहे. देऊळ असं नाही. उंबराखाली भंडाऱ्यानं पिवळा झालेला उभा दगड, वर पत्रा. एसटीनं लोणीपर्यंत, पुढं चालत. आईला म्हाळसेनं धरलं होतं. पाण्याची कळशी तिनं डाव्या खांद्यावर घेतली. मी म्हटलं, "अलीकडं डावखुरी झालीस की काय?" तर म्हणाली, "उजवा हात तुमच्या आईला दिलाय." पुढं गेल्यावर पाहिलं तर आईला आणि कळशीला दोघींनाही तिनं डावीकडंच घेतलं होतं.

कौलाची रीत अशी. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दगडाला चिकटवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. देवाला प्रश्न सांगायचा आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर 'होय', डावी आधी पडली तर 'नाही'. पाकळ्या खरं तर पुजाऱ्यानं लावायच्या. पण बिरू पुजाऱ्याचे हात आता इतके कापतात की पाकळी लावता लावताच पडते. तो म्हणाला, "सूनबाई, तू लाव. घरचीच हायेस. मी बोलतो देवाशी."

पहिला प्रश्न आईचा. "देवा, सारजाचं नाव वगळायचं व्हय?" म्हाळसेनं उजवी पाकळी गडव्यात चांगली भिजू दिली, मग बोटानं दगडावर दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. डावी लगेच गळून पडली. नाही. आईचं नाव राहिलं.

मग म्हाळसेचा प्रश्न. या खेपेला तिनं उजवी पाकळी गडव्यात बुडवली आणि बाहेर काढून पदराला पुसली. पाण्यात मुंगी वगैरे असेल. मला तिच्या टापटिपीचं हसू आलं. देवापुढंही भांडी घासल्यासारखं चाललं होतं. डावी तशीच ओली लावली. बिरूचं "म्हाळसाचं नाव" एवढंच बोलून होतंय तोवर उजवी पाकळी उडत माझ्या पायाशी आली.

होय. देवानं बोट दाखवलं.

आई रडायला लागली. "आसं कसं रं देवा." म्हाळसा मात्र एकदम हलकी झाल्यासारखी दिसली. आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, देवाला कळतंय कुणाला काय पायजे ते." परतताना एसटीत गाढ झोपली. कित्येक दिवसांत तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नावं दिली. सारजा, वैष्णवी, सूरज. बारामतीत तिघांची तपासणी झाली. बायकांसाठी खरंच बाई डॉक्टर होत्या, हसऱ्या. आईला आत पोचवून म्हाळसा बाहेर कडुनिंबाखाली बसली. डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, "तुम्ही पण या की आत, गार आहे." तर ही म्हणाली, "चपला कोण राखंल?"

दवाखान्याच्या आवारात आमच्या आईच्या चपलांवर दरोडा पडण्याची शक्यता मी गृहीत धरली नव्हती.

बुधवार, १९ मार्च

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. परीक्षा, कॉपीबहाद्दर, एका सोसायटीची निवडणूक. वैष्णवीचे पेपर चालू आहेत आणि म्हाळसेनं नेमका हाच मुहूर्त धरून तिला भाकरी शिकवायला घेतलं आहे. मी हरकत घेतली. "परीक्षा संपू दे. भाकरी काय पळून जाते आहे?"

"शिकू द्या. नंतर कुठं शिकंल?"

भाकरी शिकायला अख्खं आयुष्य पडलं आहे, असं मी म्हणालो. तिनं पोरीपुढं पिठाचा दुसरा गोळा ठेवला.

रविवार, १३ एप्रिल

घरात सत्तांतर चाललं आहे. डाळी कुठल्या डब्यात, सूरजचं धुरी द्यायचं सामान कुठल्या कोनाड्यात, आईला कुठल्या कुशीवर झोप लागते, हे सगळं म्हाळसा वैष्णवीला दाखवत असते. मी म्हटलं, "माहेरी चाललीस की काय राहायला?" हसली. माहेरी आता आहे कोण? तिचा भाऊ दूध संघाच्या गाडीवर असतो, तोही बारामतीत.

ती वाळली आहे. उन्हाळा आहे. पोलकं खांद्यावरून उतरतं म्हणून तिनं सगळी पोलकी घट्ट करून घेतली.

बुधवार, १४ मे

सकाळी पळसदेवला. उजनीचं पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं आणि आमच्या पेपरात बातमी येते. दरवर्षी तीच. गेल्या वर्षीचं कात्रण काढून तारीख बदलली तरी चालतं, मी बहुतेक तेच करतो. एक कोळी होडी ओढून घेत होता, म्हणाला, "सायेब, देऊळ वर न्हाय येत. पानी खाली जातंय. नीट लिवा."

दुपारी बारामतीला आईच्या डोळ्यांचं विचारायला गेलो. इथं मात्र जन्मात न विसरण्याजोगा विनोद झाला. इंद्रजितनं पुण्याला विमा कंपनीत फोन लावून विचारलं. पलीकडच्यानं शांतपणे सांगितलं : पहिल्या वर्षी मोतीबिंदू बसत नाही. काही ठराविक दुखणी पहिल्या वर्षी बसतच नाहीत, त्यांत मोतीबिंदू पहिला. इंद्रजित खजील. "शास्त्रीबुवा, मला खरंच माहीत नव्हतं हो."

त्याचा काय दोष? ज्या डोळ्यांसाठी नाव घातलं तेच योजनेला दिसत नाहीत.

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे, माझं काय अडलंय." म्हाळसा चूल सारवत होती. थांबली. "म्हंजे आत्यांच्या डोळ्याला कायबी मिळणार न्हाय?"

"यंदा नाही."

"मग कशापाई..." एवढंच म्हणाली आणि चुलीशीच खाली बसली. सारवायचा बोळा हातात तसाच. मग हसायला लागली. इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. मी पण हसलो. माझं सांगणं रंगलं होतं, असा माझा समज.

जेवायला मात्र आली नाही.

रविवार, २५ मे

ही नोंद लिहावी की नाही, असं वाटतं आहे. लिहितो.

सकाळी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. मागं आई म्हाळसेला म्हणाली, "केसांचं घरटं झालंय. ये, येणी घालते." म्हाळसा नको नको म्हणत होती. आईनं धरून बसवलीच. आईचं बोलणं मला ऐकू येत होतं. तेल, लोणीची चुलत जाऊ, कुणाच्या तरी शेळ्या. मग आईनं खांदे चोळायला घेतले असावेत. "हात वर कर की." "होत न्हाय आत्या." "का होत न्हाय?"

आणि आई बोलायची थांबली. आमची आई झोपेतही थांबत नाही.

मी उठून दारात गेलो. आईचा हात म्हाळसेच्या काखेत होता. म्हाळसा भिंतीकडं तोंड करून बसली होती, डोळे मिटून. आई मला म्हणाली, "रामा, भाईर जा."

बाहेर गेलो. ओट्यावर उभा राहिलो. रस्त्यावरून सोलापूरकडं जाणारे ट्रक मोजावेत तसे बघत राहिलो, पण एकही दिसला नाही. बऱ्याच वेळानं आई भिंत चाचपत आली.

"बनाबाईवानीच हाय रं," ती म्हणाली. "काखंत आन् छातीला बी. दगडावानी. कधीची हाय विचारलं तर सांगंना. मग म्हनली, दिवाळीपासनं."

सोमवार, ९ जून

इंदापूरच्या डॉक्टरांनी बारामतीला पाठवलं, बारामतीच्यांनी पुण्याला. आठवडा पुण्यात गेला. पुण्याचे डॉक्टर तरुण आहेत आणि बोलताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसतात. "पसरलं आहे," म्हणाले. "ऑपरेशन करता येईल. पुढं औषधंही आहेत. पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. चार महिन्यांपूर्वी जरी आला असता..."

चार महिन्यांपूर्वी फेब्रुवारी होता.

आज बारामतीला गेलो. पैशासाठी नव्हे, पैसे कसेही उभे करता येतात, मेव्हणा आहे, सोसायटी आहे. गेलो ते काहीतरी करायला हवं म्हणून. इंद्रजितला म्हटलं, म्हाळसेचं नाव घाला. त्यानं पुन्हा फोन लावला. वर्षाच्या मध्ये नवी बायको किंवा नवं मूल, एवढीच नावं घालता येतात.

"जुनी बायको?"

त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, बरं, आईचं नाव काढा आणि त्या जागी हिचं घाला. आई स्वतःच म्हणते आहे. तर नाव काढायला त्यांची हरकत नाही, पण काढलेल्या जागी दुसरं बसत नाही. पुढच्या वर्षी घालता येईल, पण जो आजार आधीपासून आहे तो कधीच बसणार नाही.

इंद्रजित हळूच म्हणाला, "तेव्हा वहिनींचं नाव असतं ना, तर तपासणीतच..." आणि थांबला. चांगला मुलगा आहे. पुरं करायची गरज नव्हती.

एसटीत मला पाठशाळेतला पहिला धडा आठवला. डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं अनुमान करावं. चार महिने रोज दोन वेळा माझ्या ताटात धूर वाढला जात होता आणि मी त्याच्यावर तालुक्याचे नकाशे काढत होतो.

रात्री मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती सूरजचा शर्ट टाचत होती, डाव्या हातानं.

"सांगून? आईचं आमी बघितलंय. कापलं, तरी गेली."

"तपासणीला बसली असतीस तर..."

"तपासलं की कागदावर येतं. कागदावर आलं की गावात येतं. त्या घरच्या बायांना तसलं असतं म्हणत्यात. मग पोरीला कोण करून घेणार?" मग माझ्याकडं बघून जरा हसली. "आन् घरात बातमीदार."

रविवार, २२ जून

ऑपरेशनला न्यायचं की नाही, यावर म्हाळसा 'नको'वर अडून बसली आहे. आई म्हणाली, देवाला विचारू. या वेळी मला तर्कशास्त्र आठवलं नाही.

पुन्हा लोणी, पुन्हा तो माळ. वैष्णवीनं आजीला धरलं, मी म्हाळसेला. ती तीनदा खाली बसली. बिरू पुजाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. कण्हेरीच्या पाकळ्या पुढं केल्या, "लाव सूनबाई."

"मी लावत न्हाय," म्हाळसा म्हणाली. "माझा हात उचलत न्हाय. ह्यास्नी लावू द्या."

"लावा मग रामहरीराव. काय इचारू देवाला?"

आईच बोलली. "पुण्याला न्हेऊ का म्हणावं. गुण येईल का."

मी आयुष्यात कधी कौल लावलेला नाही. गडव्यात हात घातला. डावी पाकळी बुडवली, दगडाला लावली, अंगठ्यानं घट्ट दाबली. उजवी हातात घेतली. तिच्यावरून पाणी ओघळत होतं. आणि माझं मला कळायच्या आत मी ती धोतराच्या सोग्याला पुसली. चांगली कोरडी केली. मग नुसती टेकवली.

बिरूचं बोलणं पुरं व्हायच्या आधी ती पडली.

"व्हय म्हनतोय देव!" आई ओरडली. तिनं हात जोडले, वैष्णवीनं जोडले, बिरूनं आम्हा सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला. मी ओणवा झालो होतो तो तसाच राहिलो. कारण फेब्रुवारीतल्या दुसऱ्या कौलाची ती पाकळी, पदराला पुसलेली, मला आत्ता दिसली. तिथंच, त्याच दगडावर. पाण्यात मुंगी नव्हती.

मान वर केली तर म्हाळसा उंबराला टेकून माझ्या बोटांकडं बघत होती. रागावलेली नव्हती. नव्या सुनेची भाकरी पहिल्यांदा फुगल्यावर सासूनं बघावं, तशी बघत होती.

"जमलं तुमाला," ती हळूच म्हणाली.

मग आईला ऐकू जाईल अशा आवाजात, "देव म्हनतोय तर जाऊ की पुण्याला."

मंगळवार, २४ जून

गुरुवारी पुण्याला निघायचं. डॉक्टरांना फोन केला. या म्हणाले, आवाजात उत्साह नव्हता. पिशवी वैष्णवीनं भरली. आई देवाच्या शब्दावर विसंबून आहे, सूरजही. म्हाळसा त्यांच्यापुढं हसून बोलते. आम्ही दोघं एकमेकांशी त्या विषयावर बोलत नाही. तो कौल कुणाचा होता, ते आमचं आम्हाला माहीत आहे.

दुपारी वैष्णवीनं जेवायला वाढलं. भाकरी एका अंगाला पातळ, दुसऱ्या अंगाला जाड. माझा घास हातातच राहिला. मी तिला विचारलं, "बाळ, तुझा हात दुखतो का?"

ती बावरली. "न्हाय आण्णा. आईनं अशीच शिकवलीया. चुकली का?"

म्हटलं, नाही, चांगली झाली आहे. सगळी खाल्ली, जाड अंगासकट.

विम्याचं मला आता काही वाटत नाही, देवाचंही नाही. म्हाळसा पुण्याहून परत येणार नाही, असं मला वाटतं, आणि मला फार भीती वाटते आहे.